पूर्वसूरींची सोबत
लोकमान्य टिळकांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहिले. स्वजन दूर होते. जवळ होते ते ग्रंथ. शंकराचार्य, ज्ञानेश्वर, तुकाराम, कांट, मिल अशा पूर्वसूरींचा सहवास त्यांना तेथे लाभला. परंतु टिळकांनी तो मान तुकवून भोगला नाही. आचार्यांविषयी आदर बाळगूनही त्यांनी गीतेचा संन्यासपर अर्थ नाकारला व कर्मयोग प्रतिपादिला. ग्रंथांची खरी सोबत ती हीच. पूर्वसूरींना केवळ वंदन करणे म्हणजे त्यांना पुन्हा कपाटात कोंडणे होय. परीक्षेपुरते वाचणाऱ्या विद्यार्थ्याने आणि कचेरीतून थकून परतणाऱ्या कारकुनानेही त्यांना प्रश्न विचारावेत, प्रसंगी त्यांच्याशी वाद घालावा. शहाणपण उसने मिळत नाही. ते अशा वादातूनच अंगी मुरते.