पाण्याचे देणे

बँकेच्या काउंटरवर आयुष्य काढलेल्या माणसाला चेहरे विसरायला होतात, सह्या मात्र लक्षात राहतात. नव्वदीच्या दशकात माझी बदली तळकोकणातल्या एका शाखेत झाली होती. संगणक अजून आमच्यापर्यंत पोहोचला नव्हता. कपाटातून नमुना सहीचे कार्ड काढायचे, स्लिपवरची सही शेजारी धरायची आणि जुळली तर पैसे द्यायचे, असा शिरस्ता होता. एका चाळिशीतल्या, दणकट बांध्याच्या गृहस्थांची स्लिप मी लागोपाठ दोनदा परत केली. सही थरथरलेली होती, अक्षरे उतरंडीला लागलेली होती. तिसऱ्या खेपेला ते खिडकीशी वाकून हळूच म्हणाले, "सायबानू, बसान सही करू काय? हात वर जाणा नाय."

मी त्यांना आत बोलावून खुर्ची दिली. टेबलावर कोपर टेकवून त्यांनी केलेली सही कार्डावरच्या सहीशी तंतोतंत जुळली. आमच्या काउंटरची फळी छातीइतकी उंच होती आणि त्यांचा उजवा हात खांद्यातून तेवढा उचलला जात नव्हता, एवढाच तो मामला होता. मी ओशाळून विचारले, "हाताला काय झालं?" ते सहजपणे म्हणाले, "खांद्याचा हाड पाण्यान खाल्ल्यान."

ते पाणबुडे होते. मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात १९७४ साली तेल सापडले आणि त्यानंतर खोल पाण्यात उतरून नळ जोडणाऱ्या, जोड तपासणाऱ्या माणसांची गरज पडू लागली. पोहण्यात तरबेज असलेले हे गृहस्थ एका कंत्राटदाराकडे लागले. पैसा चांगला होता. पण वर येताना मध्ये मध्ये थांबायचे असते, आणि कामाची घाई असली की ते थांबणे कमी केले जाई. त्या वेळी काही वाटले नाही. खांदा काही वर्षांनी बोलू लागला.

पाणी हाड कसे खाते, हे मला तेव्हा कळले नव्हते. नंतर वाचत गेलो तेव्हा उलगडा झाला. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. तीस मीटरवर माणूस पृष्ठभागाच्या चौपट दाबाखाली असतो आणि तेवढ्याच दाबाची हवा त्याला श्वासात घ्यावी लागते. हवेतला प्राणवायू शरीर वापरते, पण नायट्रोजनचे शरीराला काही काम नसते. तो रक्तात, चरबीत, सांध्यांत विरघळून बसतो. माणूस एकदम वर आला की आपल्या गोटी सोड्याची गोटी आत ढकलल्यावर जे होते तेच शरीरात होते. बुडबुडे फसफसून उठतात. ते सांध्यात अडकले तर असह्य दुखते, मज्जारज्जूत अडकले तर अर्धांग लुळे पडते. खांद्याच्या किंवा खुब्याच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडला तर ते हाड हळूहळू मरते आणि माणसाला ते कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनी कळते.

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर नायट्रोजन हे पाण्याचे कर्ज आहे. जितके खोल जाल आणि जितका वेळ थांबाल, तितके ते चढत जाते. ते हप्त्याहप्त्याने फेडायचे असते. हप्ते चुकवणाऱ्याकडून पाणी वसुली करते आणि तिथे मुदतवाढ मिळत नाही.

या हप्त्यांचे कोष्टक प्रथम नीट बसवले ते स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी. लंडनमध्ये त्यांनी बकऱ्यांना पोलादी टाकीत ठेवून दाब वाढवला आणि निरनिराळ्या वेगाने उतरवला. बकरी का, तर तिला सांध्यात दुखू लागले की ती पुढचा पाय उचलून धरते. बोलता न येणाऱ्या प्राण्याची ती तक्रारच. त्यावरून असे दिसले की दाब निम्म्यावर आणेपर्यंत शरीर सोसते, पुढे मात्र टप्प्याटप्प्याने थांबत यावे लागते. बकऱ्यांनंतर पाळी माणसांची होती. १९०६ सालच्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यालगत नौदलाच्या दोघांनी २१० फुटांपर्यंत बुडी मारून हा हिशेब तपासला. त्याच मुक्कामात हॉल्डेनसाहेबांनी आपल्या तेरा वर्षांच्या मुलालाही पाणबुड्याचा पोशाख चढवून पाण्यात सोडले. पोशाख त्याला मोठा होता, आत पाणी शिरले, पोरगा भिजून गारठून वर आला. १९०८ साली ही कोष्टके प्रसिद्ध झाली. पुढे त्यांत पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण थांबत थांबत वर यायचे हे मूळ सूत्र आजही जगभर पाळले जाते.

तो भिजलेला पोरगा म्हणजे जे. बी. एस. हॉल्डेन. पुढे तो अनुवंशशास्त्रज्ञ म्हणून जगप्रसिद्ध झाला, पण बापाचे हे काम त्याच्याकडे पुन्हा आले ते एका अपघाताने. १ जून १९३९ रोजी लिव्हरपूलजवळच्या समुद्रात 'थेटिस' ही नवी ब्रिटिश पाणबुडी चाचणीच्या वेळी बुडाली. आत १०३ माणसे होती, म्हणजे नेहमीच्या जवळजवळ दुप्पट, कारण चाचणीसाठी गोदीचे कामगार आणि तंत्रज्ञही सोबत गेले होते. दुसऱ्या दिवशी तिचे शेपूट पाण्याबाहेर दिसत होते, तरी वाचले फक्त चौघे. ९९ जण गेले. अनेकांचा बळी पाण्याने नव्हे, तर त्यांच्याच उच्छ्वासातून साठत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडने घेतला.

कामगार संघटनांनी हॉल्डेनची मदत मागितली. त्याने कागदावर गणिते मांडली नाहीत. स्पेनच्या यादवी युद्धात लढून आलेले चार साथीदार घेतले आणि त्यांच्यासह एका बंद टाकीत शिरून बसला. हवा बिघडू लागली, डोकी ठणकू लागली, धाप लागली. बुडालेल्या पाणबुडीत माणसाचे काय होत असेल, याचा पुरावा त्यांनी स्वतःच्या अंगावर गोळा केला.

महायुद्धाच्या काळात हे काम नौदलासाठी वाढले. हॉल्डेनबरोबर मार्टिन केस होता, हेलन स्पर्वे होती, इतकेच काय, स्पेनचे माजी पंतप्रधान ह्वान नेग्रिनही टाकीत बसले. ते स्वतः शरीरशास्त्रज्ञ होते. दहा वातावरणांच्या दाबाखाली बसून ही मंडळी बेरजा-गुणाकार सोडवत आणि चिमट्याने छोट्या गोळ्या उचलत. एरवी हुशार असणारी माणसे तिथे दारू प्यायल्यासारखी बरळत आणि साधी गणिते चुकत. दाबाखालचा नायट्रोजन मेंदूला गुंगी आणतो, हे त्या चुकलेल्या बेरजांनी मोजता आले. जीव वाचवणारा शुद्ध प्राणवायूसुद्धा दाबाखाली विष होतो आणि झटके आणतो, हेही त्यांनी अनुभवले. हॉल्डेनच्या कानाचे पडदे फाटले. पाठीला झालेली इजा तर पुढे कायमची सोबत करत राहिली.

मी अनेक वर्षे रेडी रेकनर वापरले. त्यातला आकडा कुणी काढला, असा प्रश्न मला कधी पडला नाही. छापील आकड्याला वास नसतो, रक्त नसते. पण पाणबुड्यांच्या कोष्टकातली प्रत्येक ओळ कुणाच्या तरी हाडामांसावर तपासलेली आहे. हॉल्डेन पितापुत्रांचे मोठेपण मला त्यांच्या शोधापेक्षाही यात वाटते, की दुसऱ्याच्या जिवावर आकडा काढण्याआधी त्यांनी स्वतःचा जीव टाकीत घातला. मुलाने तर स्वतःच स्वतःचा प्रयोगाचा ससा होण्यावर एक निबंधही लिहिला आहे.

या शास्त्राशी आपला संबंध दूरचा नाही. आपल्या नौदलात पहिली 'कलवरी' ८ डिसेंबर १९६७ रोजी दाखल झाली. त्याच नावाची दुसरी पाणबुडी मुंबईच्या माझगाव गोदीत बांधून २०१७ साली नौदलात आली. कुलाब्याला नौदलाच्या 'अश्विनी' रुग्णालयाच्या आवारात सागरी वैद्यकाची संस्था आहे. २०१८ साली बुडालेल्या पाणबुडीतून माणसे सोडवणारे यानही मुंबईत आले. गणवेशातल्या पाणबुड्याच्या मागे डॉक्टर आहे, टाकी आहे, कोष्टक आहे.

प्रश्न आहे तो गणवेश नसलेल्यांचा. धरणाचा दरवाजा अडकला, बंदरात साखळी तुटली, नदीत कुणी बुडाले की आपण ज्याला हाक मारतो, त्याच्या मनगटावर खोली आणि वेळ दाखवणारे घड्याळ असते का? घाटमाथ्यावरच्या जलाशयात हवेचा दाब मुळातच कमी असल्याने समुद्राचे कोष्टक तिथे जसेच्या तसे चालत नाही, हे त्याला कुणी सांगितलेले असते का? ज्ञान शंभराहून अधिक वर्षे छापलेले आहे. ते पाण्याच्या काठापर्यंत पोहोचत नाही आणि पोहोचले तरी 'आटप लवकर' या दोन शब्दांपुढे टिकत नाही. वर येताना वाचवलेल्या अर्ध्या तासाची किंमत कंत्राटात कुठेच लिहिलेली नसते. ती माणूस फेडतो, काम कधीचेच संपल्यावर.

हल्ली सुट्टीत मुलाबाळांना घेऊन तारकर्लीला किंवा अंदमानला बुडी मारायला जाणारी कुटुंबेही पुष्कळ आहेत. चार-सहा मीटरवर मासे पाहून येणाऱ्याला या कर्जाची फार भीती नाही. पण श्वास कोंडून वर येऊ नये, आतली हवा फुगून फुप्फुस फाटू शकते, एवढे मुलांना नक्की सांगावे. आणि खोल बुडी मारली असेल तर निदान बारा ते अठरा तास, बुड्या जास्त असतील तर त्याहूनही अधिक, विमानात बसू नये.

धाकटा हॉल्डेन १९५७ साली भारतात आला, इथला नागरिक झाला आणि १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला वारला. जन्मभर प्रयोगाला वापरलेला देह त्याने मृत्यूनंतरही सोडवून घेतला नाही. तो काकीनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाला शिकवण्यासाठी दिला.

माझ्या शाखेतल्या त्या गृहस्थांनीही आपला देह एका अर्थी दिलाच होता. फरक इतकाच, की हॉल्डेनने तो जाणूनबुजून दिला आणि यांच्याकडून तो न विचारता घेतला गेला. त्या दिवसानंतर मी काउंटरच्या अलीकडे एक बुटके टेबल आणि खुर्ची मांडून घेतली. बदली होऊन निघेपर्यंत ते महिन्यातून एकदा यायचे, बसून सही करायचे. ती नंतर एकदाही चुकली नाही.