बारा आण्यांचा हिंगूळ

गेल्या वर्षी दसरा झाला आणि चारच दिवसांत वस्तीवरची तीन पोरं एक छापील कागद घेऊन माझ्या ओसरीवर आली. कागदावर मोठ्या अक्षरात 'साधी दिवाळी' असं छापलेलं. खाली शपथ होती. आकाशकंदील, दिव्याच्या माळा, तोरणं, रांगोळीचे रंग यांवर एक रुपयाही खर्च करणार नाही, वाचलेला पैसा शाळेच्या छताला देईन. पंधरा-वीस जणांनी सह्या केल्याही होत्या. पोरं चांगली. त्यातला एक माझ्या चुलतभावाचाच नातू, पुण्यात नोकरीला असतो. तो म्हणाला, "आबा, सजावट म्हंजे निव्वळ उधळपट्टी हाय. चार दिवसांनी सगळं उकिरड्यावर जातंय."

मी म्हणालो, चष्मा सापडंना, कागद ठेवून जा. चष्मा खिशातच होता.

सही का केली नाही हे तेव्हा मला धड सांगता आलं नसतं. आता सांगतो.

बहात्तरच्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. मोहोळची जमीन म्हणजे ज्वारीची. जिला सगळा महाराष्ट्र मालदांडी म्हणतो, ती 35-1 मोहोळच्याच केंद्रात निवडलेली. त्या ज्वारीच्या गावात आम्ही सरकारी मिलोची लाल भाकरी खात होतो आणि शाळेत सुकडी. आण्णा आणि आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे. दावणीला दोन खिलार, हौशा आणि पाखऱ्या. कडबा संपला होता. आमच्यासारख्यानं दोन बैल जगवणं शक्यच नव्हतं, म्हणून पोळा झाला की हौशाला बाजार दाखवायचा असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे कुणी बोललं नव्हतं, पण घरात सगळ्यांना माहीत होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आण्णा मोहोळच्या बाजारातनं आले. धोतराच्या सोग्यात हिंगुळाची पुडी, बेगडाचा एक कागद आणि लाल लोकरीचे दोन गोंडे. सगळे मिळून बारा आणे. पैसे येऊन बरीच वर्षं झाली होती, पण आमच्याकडं हिशेब अजून आण्यातच चालायचा. आजोबा ओसरीवर बसले होते. ते कडाडले, "घरात पोरं मिलो खात्यात आन् तू बैलाला बेगड आणतुस? आक्कल गहाण टाकलीय का रं?" आण्णा काही बोलले नाहीत. रात्री आईशी बोलताना मी ऐकलं, "परवा दुसऱ्याच्या दावणीला जायाचाय त्यो. माज्या दारातनं बोडका न्हाई जायाचा."

पोळ्यादिवशी हौशाची शिंगं त्यांनी स्वतः तासली, हिंगूळ लावला, बेगड चिकटवला. ओढ्याला पाणी नव्हतं, म्हणून आईनं घागरभर पाण्यात फडकं बुडवून दोघांना पुसून काढलं. वेशीपुढं त्या वर्षी जेमतेम सात-आठ जोड्या आल्या. आणि तिसऱ्या दिवशी आण्णा हौशाला घेऊन गेले. येताना नुसतं दावं आणि गोंडे हातात. दाव्याला हिंगूळ लागलेला होता.

आजोबांचा हिशेब चुकीचा नव्हता. बारा आण्यात घरात काहीतरी खाण्यापिण्याचं आलं असतं. पण त्या बारा आण्यांनी आम्ही बुडालो नाही आणि ते वाचवून तरलोही नसतो. पाऊस नव्हता म्हणून बैल गेला. हिंगुळामुळं नाही. ही एवढी साधी गोष्ट शिकलेल्या माणसाच्या डोक्यात का शिरत नाही, हे मला कळत नाही.

हा आरोप आजचा नाही. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याला कुणब्यांनी सावकारांची खतं जाळली, दंगा पसरला, मग सरकारनं आयोग नेमला. कुणबी लग्नात आणि सणात पैसा उडवतो म्हणून कर्जात जातो, असं तेव्हाही कचेरीत आणि वर्तमानपत्रात बोललं जायचं. त्या आयोगानं चौकशीअंती लिहिलं की या कारणाला नको इतकं महत्त्व दिलं गेलं आहे. ऐपतीच्या मानानं हा खर्च जास्त असेल, पण असे प्रसंग क्वचित येतात आणि कर्जाचं मूळ सहसा तिथं सापडत नाही. हे लिहिणारे कुणी आमचे सोयरे नव्हते, गोऱ्या सरकारनं नेमलेले होते. पुढं 1879 साली सावकारीला आवर घालायचा कायदा झाला. तो आधी पुणे, सातारा, नगर आणि आपलं सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू केला. जोतीराव फुल्यांनी 1883 च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये याच आरोपाचा समाचार घेतला आहे. दीडशे वर्षं होत आली, आरोप तसाच. फक्त आता तो आमचीच पोरं छापून आणतात.

मी कशानं बुडालो ते सांगू का? बोअरनं. तीन बोअर मारले. पहिल्याला फुफाटा, दुसऱ्याला चार दिवस पाणी, तिसऱ्याला पुन्हा फुफाटा. एका कोरड्या बोअरच्या पैशात माझ्या घराला जन्मभर पुरतील एवढे आकाशकंदील आले असते. पण बोअर मारू नका म्हणून कुणी कागद घेऊन ओसरीवर आलं नाही. उलट पाणाड्या नारळ घेऊन आला आणि गाडीवाल्यानं उधारी दिली. दवाखाना, पोरांची फी, उसाचं लांबलेलं बिल, हे खर्चाचे डोंगर कुणाला दिसत नाहीत. दारावरचा दीडशे रुपयांचा कंदील मात्र रस्त्यावरनं दिसतो. म्हणून बोट त्याच्याकडंच जातं.

आणि जातं तेही कुणाच्या कंदिलाकडं? आमच्या वस्तीवर एक बाई खुरपायला जाते. नवरा नाही, दोन पोरी. दर दिवाळीला ती स्टेशनकडच्या रस्त्यावरनं एक चांदणीचा कंदील आणते. सह्या गोळा करणाऱ्यांतला एक जण तिला म्हणाला, "मावशे, तुला काय गरज हाय?" ती म्हणाली, "तुला हाय का?" मला वाटतं, माझ्या या सगळ्या लेखाचं काम तिनं तीन शब्दांत केलं, पण कागद हातात आहेच तर लिहितो.

आता कुणी म्हणेल, मग फुकटातली सजावट करा की! शेणाचे पांडव करा, लव्हाळ्याची दिवटी वळा, आंब्याचा डहाळा लावा. आमच्या आईनं ते सगळं केलं. तिच्या पांडवांच्या डोक्यावर कारळ्याची पिवळी फुलं असायची. पण तिला चमकीचा कागदही हवा असायचा, महालक्ष्म्यांच्या मागं लावायला. फुकटच्या शोभेचं कौतुक बहुधा तेच करतात ज्यांच्या घरात विकतची भरलेली असते. वर्षातनं एकदा दुकानातली, आपल्याला कशालाही न लागणारी वस्तू आपल्या पैशानं आणायची, याचं सुख काय असतं ते तिला विचारायला हवं होतं.

शिवाय विकतचं म्हणजे वाया, हे कुणी ठरवलं? पणतीचे पैसे कुंभाराकडं जातात. लक्ष्मीपूजनाला जी केरसुणी घेतो ती शिंदीची पानं कापून, वाळवून कुणीतरी बांधलेली असते आणि पुढं वर्षभर घर झाडते. आणि झेंडू? झेंडूचं मला विचारा. बोअरच्या फटक्यानंतर मी अर्धा एकर झेंडू केला, दसरा-दिवाळी धरून. एका वर्षी दसऱ्याच्या सकाळी पुणे-सोलापूर रस्त्याला पाटी घेऊन बसलो तर शंभर रुपये किलो म्हटलं तरी लोक घेत होते. दुपार कलली तसे तीस, मग दहा. दिवे लागायच्या वेळेला उरलेली दोन पोती रस्त्याच्या कडेला ओतून मोकळ्या हातानं घरी आलो. माझ्या पुढ्यातच एका गाडीवाल्यानं भाव विचारला आणि म्हणाला, "राहू दे, घरी प्लास्टिकची माळ आहे, दहा वर्षं टिकते." त्याच्या दृष्टीनं ती काटकसर. माझ्या दृष्टीनं ते अर्धं एकर. ती माळ दहा वर्षं टिकेलही, पण पुढं ती जाणार कुठं? झेंडू आठ दिवसांत माती होतो, बी धरलं तर पुढच्या वर्षी पुन्हा उगवतो.

सगळी सजावट मी डोक्यावर घेतोय असं नाही. थर्मोकोलच्या मखरांचे तुकडे ओढ्याच्या काठावर बाभळींना अडकलेले मी वर्षानुवर्षं पाहिले. 2018 साली राज्यानं प्लास्टिकबरोबर थर्मोकोलवर बंदी आणली ती योग्यच केली. मंडळांच्या वर्गणीचंही तसंच. पावतीपुस्तक घेऊन दहा जण दारात उभे राहतात आणि आकडा तेच घालतात, त्याला मी सजावट म्हणत नाही, पट्टी म्हणतो. ती बंद करायचा कागद आणा, पहिली सही माझी. पण ते कागद काढणं अवघड. चौकातल्या पोरांशी भांडावं लागतं. खुरपणाऱ्या बाईला सांगणं सोपं.

हे सगळं मी आज शहाण्यासारखं लिहितोय, पण एका वर्षी हाच कागद मी स्वतः होतो. तिसरा बोअर कोरडा गेला त्या वर्षी बायको म्हणाली, पोरांसाठी एक कंदील आणा. मी आजोबांसारखाच कडाडलो. घरावर कर्ज आहे आणि तुला कंदील सुचतोय! ती पुन्हा बोलली नाही. दिवाळीत दारात दोन पणत्या होत्या, त्यापण गेल्या सालच्या. संध्याकाळी पोरगी दिसेना म्हणून शोधायला निघालो तर शेजारच्यांच्या अंगणात, त्यांच्या कंदिलाखाली उभी. वर बघत. मी हाक मारली तर म्हणाली, "आले, थोडं बघते." कंदील तेव्हा साठ-सत्तर रुपयांना मिळत असेल. ते वाचवलेले पैसे कुठं गेले, कुणाला दिले, मला आठवत नाही. कर्ज तर पुढं नऊ वर्षं फिटलं नाही. बायको जाऊन आता सहा वर्षं झाली.

आणि शाळेचं छत. छत गळतंय हे खरं आहे, गेली चार वर्षं गळतंय. मुळात ते दुरुस्त करायचं काम पणत्यांच्या पैशाचं आहे का, हे पोरांनी विचारायला हवं होतं. पण पोरं आहेत, त्यांना छत दिसलं हेही कमी नाही. न पेटवलेल्या पणतीचा पैसा कुठल्या पेटीत जमा होतो, हे मात्र मला माझ्या अनुभवानं माहीत होतं. तो मिठामिरचीत जिरतो.

तिसऱ्या दिवशी तो नातू कागद न्यायला आला. मी त्याला बसवलं, चहा दिला, आणि कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, 'शाळेच्या छतासाठी माझे पाचशे रुपये रोख.' खाली सही केली आणि नोट हातात दिली. त्यानं कागद उलटासुलटा करून बघितला.

"आन् फुडची सही, आबा?"

"ती न्हाई," मी म्हणालो. "जाताना गोठ्याजवळनं पाटीभर झेंडू ने. तुझ्या आईला तोरणाला लागंल."

तो जरा वेळ उभा राहिला, मग पाटी घेऊन गेला. पाटी अजून परत आलेली नाही.