पाटा खेळपट्टीवर चेंडू कोणाच्या हाती द्याल?

डिसेंबर २०२४मध्ये मेलबर्नला जसप्रीत बुमराहने ट्रॅव्हिस हेडला बाद करून कसोटीतला दोनशेवा बळी घेतला. त्या घडीला त्याची सरासरी विसाच्या आत होती. दोनशे बळींचा टप्पा एवढ्या कमी सरासरीने त्याआधी कोणीही गाठला नव्हता. तेव्हापासून क्रिकेटच्या गप्पा रंगल्या की एक प्रश्न हमखास निघतो: सर्वश्रेष्ठ गोलंदाज कोण? फलंदाजांचा वाद ब्रॅडमनच्या ९९.९४ या आकड्यापाशी येऊन निदान थबकतो तरी. गोलंदाजांच्या वादाला असा आकडा नाही, म्हणून तो मिटत नाही. आज या स्तंभात मी माझ्यापुरता तो मिटवणार आहे.

आधी कसोटीपुरतं बोलूया. वीस षटकांत चार षटकं टाकणाऱ्याची परीक्षा वेगळी आणि तिसऱ्या दिवशी उन्हात जुना चेंडू घेऊन पुन्हा रन-अपच्या टोकाला जाणाऱ्याची वेगळी. श्रेष्ठत्व ठरायचं ते या दुसऱ्या परीक्षेत.

बळी मोजायचे तर वाद पाच मिनिटांत संपतो. मुथय्या मुरलीधरन, १३३ कसोटी, ८०० बळी. सरासरी मोजायची तर सिडनी बार्न्सचं नाव घ्यावं लागेल: २७ कसोटी, १८९ बळी, सरासरी १६.४३. १९१३-१४च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यात बार्न्सने चारच कसोटींत ४९ बळी घेतले आणि हा विक्रम अजूनही उभा आहे. पण ते सामने मॅटिंगवर झाले आणि समोरचा संघ कच्चा होता. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाला आजच्या यादीत कुठे बसवायचं, याचं प्रामाणिक उत्तर माझ्या मते एकच आहे: त्याला त्याच्या काळातला सर्वश्रेष्ठ म्हणावं आणि पुढे जावं.

माझी फूटपट्टी वेगळी आहे. गोलंदाजाला जे जे साथ देतं ते काढून घ्या. घरची खेळपट्टी काढा, ढगाळ हवा काढा, चेंडूची चकाकी काढा, कच्चे प्रतिस्पर्धी काढा. मग हातात काय उरतं ते बघा. फलंदाजांना आपण हे नेहमी विचारतो. वानखेडेवर शतक ठोकणाऱ्याला लगेच विचारतो, पर्थला काय केलंस? गोलंदाजांना हा प्रश्न तेवढ्या कडकपणे विचारला जात नाही.

मुरलीला विचारूया. त्याच्या ८०० बळींपैकी ४९३ श्रीलंकेत मिळाले. १७६ बळी बांगलादेश आणि झिम्बाब्वे या दोनच संघांविरुद्ध. ऑस्ट्रेलियात पाच कसोटींत १२ बळी, सरासरी पंचाहत्तरच्या वर. भारतात सरासरी पंचेचाळीस. हे लिहिताना मला आनंद होत नाही, कारण १९९८ साली ओव्हलवर इंग्लंडचे सोळा फलंदाज एका सामन्यात बाद करणारा मुरली मला मनापासून आवडतो. त्याच्या कोपरावरून जे राजकारण झालं त्याचीही चीड आहे. १९९५च्या बॉक्सिंग डे कसोटीत पंचांनी भर मैदानात त्याचे चेंडू अवैध ठरवले, तेव्हा तो अवघ्या तेवीस वर्षांचा होता. त्यानंतरही एका देशाची सगळी गोलंदाजी त्याने पंधरा वर्षं खांद्यावर वाहिली. तरीही, परक्या मैदानावर त्याचं काय झालं हा प्रश्न उरतोच.

शेन वॉर्नला तोच प्रश्न विचारला तर उत्तर आपल्याला घरबसल्या ठाऊक आहे. जानेवारी १९९२मध्ये सिडनीला त्याने पहिली कसोटी खेळली, १५० धावा दिल्या आणि एकच बळी घेतला. तो बळी रवी शास्त्रीचा होता, २०६ धावा झाल्यावर. १९९८मध्ये चेन्नईला सचिनने नाबाद १५५ केल्या. वॉर्न राउंड द विकेट येऊन लेग स्टंपबाहेरच्या उखडलेल्या जागेत चेंडू टाकणार हे हेरून त्याने आधी लक्ष्मण शिवरामकृष्णनकडून तसाच सराव करून घेतला होता. भारताविरुद्ध वॉर्नची एकूण सरासरी ४७च्या वर आहे. एरवी ७०८ बळी, लेगस्पिनला नवा जन्म देणारा माणूस, ॲशेसमधला राजा. पण फिरकी खेळायला शिकलेल्या फलंदाजांपुढे त्याची जादू चालली नाही.

आता माल्कम मार्शलकडे येतो.

१९७८च्या डिसेंबरात बार्बाडोसचा वीस वर्षांचा एक पोरगा बेंगळुरूला पहिली कसोटी खेळला. त्याआधी बार्बाडोससाठी त्याचा एकच प्रथम श्रेणी सामना झाला होता. वेस्ट इंडीजचे नावाजलेले खेळाडू केरी पॅकरच्या बंडखोर मालिकेत गेले होते, म्हणून जागा रिकामी होती. पहिला बळी त्याने चेतन चौहानचा घेतला. दौऱ्यात तीन कसोटींत जेमतेम तीन बळी मिळाले. आपल्या खेळपट्ट्यांनी त्याला पार निष्प्रभ केलं. बेंगळुरूला त्याच्याविरुद्ध झालेल्या अपिलावरून दिलीप वेंगसरकरवर त्याने जो राग धरला तो पुढे वर्षानुवर्षं सोडला नाही, हे त्याने स्वतःच सांगितलं आहे.

तो परत आला १९८३च्या ऑक्टोबरात. भारत नुकताच विश्वविजेता झाला होता. मधल्या पाच वर्षांत त्याने हॅम्पशायरकडून इंग्लंडच्या ओल्या, मंद खेळपट्ट्यांवर शेकडो षटकं टाकली होती. एकट्या १९८२च्या मोसमात त्याने १३४ बळी घेतले. वेग होताच, पण आता हात एकाच पद्धतीने वळवून चेंडू आत आणि बाहेर दोन्हीकडे न्यायला तो शिकला होता.

कानपूरच्या ग्रीन पार्कवर त्याच्या एका उसळत्या चेंडूने सुनील गावसकरच्या हातातली बॅट उडाली. ज्या गावसकरने वेस्ट इंडीजच्या वेगवान माऱ्यासमोर आयुष्यभर हेल्मेटविना उभं राहून धावा केल्या, त्याच्या हातून बॅट निसटली. हे कुठल्या हिरव्या खेळपट्टीवर झालेलं नाही, कानपूरच्या मातीवर झालेलं आहे. मार्शलची उंची पाच फूट अकरा इंच, जोएल गार्नरपेक्षा जवळजवळ पाऊण फूट कमी. त्यामुळे त्याचा बाउन्सर उंच उडून डोक्यावरून जायचा नाही. तो घसरत यायचा, थेट गळ्यापर्यंत, आणि फलंदाजाला खाली वाकायचं की मागे व्हायचं हे ठरवायला वेळच उरायचा नाही.

त्या मालिकेत आपले फलंदाज नुसते लोळले असं मात्र नाही. दिल्लीला गावसकरने तडाखेबंद १२१ काढल्या आणि ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केली. वेंगसरकरने दिल्लीला १५९ आणि मुंबईला १०० केल्या. जगातल्या सर्वोत्तम फलंदाजांपैकी दोन मराठी माणसं घरच्या मैदानावर फॉर्मात होती. आणि तरीही कोलकात्याला मार्शलने सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर गावसकरला बाद केलं, दुसऱ्या डावात ३७ धावांत सहा बळी घेतले आणि भारत ९० धावांत आटोपला. चेन्नईला गावसकर चौथ्या क्रमांकावर उतरायचं ठरवून बसला होता, पण मार्शलने गायकवाड आणि वेंगसरकर यांना भोपळाही फोडू दिला नाही, आणि धावफलकावर शून्य असतानाच गावसकरला मैदानात यावं लागलं. त्याने तिथे नाबाद २३६ केल्या, हा गावसकरचा मोठेपणा. मालिकेत मार्शलचे बळी झाले ३३, सरासरी १८.८१.

माझ्या फूटपट्टीवर यापेक्षा मोठा पुरावा मला सापडत नाही. १९८४च्या हेडिंग्ले कसोटीचा किस्सा सगळेच सांगतात: डाव्या अंगठ्याचं हाड मोडलेलं असताना लॅरी गोम्सचं शतक व्हावं म्हणून एका हाताने फलंदाजी, मग प्लास्टर घातलेल्या हातानिशी ५३ धावांत सात बळी. धैर्य म्हणून त्याला तोड नाही. पण हेडिंग्ले स्विंगला साथ देतं, म्हणून माझ्या हिशेबात तो पुरावा धरत नाही. कोलकाता धरतो.

यावर जाणकार वाचक तीन हरकती घेतील, आणि त्या घ्यायलाच हव्यात.

पहिली हरकत कपिल देवची. त्याच मालिकेत कपिलने २९ बळी घेतले, तेही मार्शलपेक्षा किंचित सरस सरासरीने, आणि अहमदाबादला एका डावात ८३ धावांत नऊ. पराभूत संघाकडून, दुसऱ्या टोकाला तसा जोडीदार नसताना. ही कामगिरी आपण पुरेशी मिरवत नाही. पण कपिल घरी होता, आणि पुढे परदेशात ती सरासरी त्याला टिकवता आली नाही.

दुसरी हरकत: मार्शलच्या दुसऱ्या टोकाला होल्डिंग, गार्नर, रॉबर्ट्स होते. फलंदाजाला उसंतच नव्हती. खरं आहे. पण त्याच जोडीदारांमध्ये बळींची वाटणीही व्हायची. चार भुकेल्या गोलंदाजांत राहून ८१ कसोटींत ३७६ बळी, सरासरी २०.९४, हे एकट्याने भार वाहण्याइतकंच कठीण आहे. आणि १९८८मध्ये होल्डिंग-गार्नर निवृत्त झाल्यावर इंग्लंडमध्ये त्याने एका मालिकेत ३५ बळी घेतले, तेरापेक्षाही कमी सरासरीने.

तिसरी हरकत मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. ती झेलांची. मार्शलच्या गोलंदाजीवर यष्टींमागे दुजाँ होता, स्लिपमध्ये लॉइड आणि रिचर्ड्स होते. बॅटची कड लागली की बळी ठरलेला. आता मुंबईच्या सुभाष गुप्ते यांची सरासरी बघा: ३६ कसोटी, १४९ बळी, सरासरी २९.५५. यादीत हा आकडा कोणाच्या नजरेत भरत नाही. पण गुप्ते ज्या भारतीय संघात खेळले त्यात झेल सुटणं नित्याचं होतं, आणि सुटलेल्या झेलाच्या धावा गोलंदाजाच्या नावावर चढतात. १९५२-५३मध्ये वेस्ट इंडीजमध्ये जाऊन वीक्स, वॉरेल आणि वॉलकॉट यांच्यासमोर त्यांनी २७ बळी घेतले. १९५८मध्ये त्याच कानपूरला, पुढे जिथे गावसकरच्या हातातली बॅट उडणार होती, त्यांनी वेस्ट इंडीजचे एका डावात नऊ फलंदाज १०२ धावांत बाद केले, तरीही सामना आपण हरलो. सर गारफिल्ड सोबर्स यांनी आपण पाहिलेला सर्वोत्तम लेगस्पिनर म्हणून वॉर्नऐवजी गुप्ते यांचं नाव घेतलं. १९६१-६२मध्ये दिल्लीच्या हॉटेलात त्यांच्या खोलीतल्या सहकाऱ्याने स्वागतकक्षातल्या मुलीला फोन केल्याची तक्रार झाली आणि शिक्षा गुप्ते यांनाही मिळाली. बत्तिसाव्या वर्षी कारकीर्द संपली. ते त्रिनिदादला स्थायिक झाले आणि २००२ साली तिथेच वारले. माझ्या यादीत त्यांना किती वर बसवायचं हे आकड्यांवरून ठरवता येत नाही, पण ज्या यादीत त्यांचं नावच नाही त्या यादीवर माझा विश्वास नाही.

मार्शललाही डाग आहे. न्यूझीलंडमध्ये तो त्याच्या दर्जाला साजेसा चालला नाही. कुठेच न अडखळलेला गोलंदाज क्रिकेटने अजून पाहिलेला नाही. फरक एवढाच की जिथे चेंडू टाकणं सर्वांत कष्टाचं, समोरचे फलंदाज सर्वांत कसलेले आणि हवा सर्वांत विरोधात, तिथे त्या पहिल्या दौऱ्यानंतर तो पुन्हा अडखळला नाही.

या कसोटीला त्याच्या जवळ जाणारा एक माणूस आपल्या विदर्भाने पाहिला आहे. फेब्रुवारी २०१०मध्ये नागपूरच्या जामठ्याला दक्षिण आफ्रिकेने सहा बाद ५५८ वर डाव घोषित केला, आमलाच्या नाबाद २५३, कॅलिसच्या १७३. ज्या खेळपट्टीवर आपल्या गोलंदाजांचा घाम निघाला, तिथेच डेल स्टेनने रिव्हर्स स्विंगवर ५१ धावांत सात बळी घेतले. भारत चार बाद २२१ वरून २३३ वर सर्वबाद झाला. शेवटचे सहा फलंदाज बारा धावांत गेले. त्या दिवशी जामठ्याच्या प्रेक्षकांनी जे बघितलं ते वेगवान गोलंदाजीतलं सर्वोच्च काम होतं.

आणि बुमराह? त्याने पाटा खेळपट्टीवरचा पुरावा दिलेला आहे. २०२४मध्ये विशाखापट्टणमला यशस्वी जैस्वालने द्विशतक काढलं त्याच खेळपट्टीवर बुमराहने ४५ धावांत सहा बळी घेतले. ऑली पोपच्या यष्ट्या उखडणारा तो यॉर्कर अनेकांच्या डोळ्यांसमोर असेल. ऑस्ट्रेलियातल्या २०२४-२५च्या मालिकेत ३२ बळी, सरासरी १३. एकेका चेंडूचा विचार केला तर आज तरी मी त्याला मार्शलच्या बरोबरीने ठेवीन. पण त्याच मालिकेत सिडनीला, शेवटच्या डावात सगळ्यात जास्त गरज असताना, त्याच्या पाठीने साथ सोडली आणि तो चेंडू हाती घेऊ शकला नाही. २०२५च्या इंग्लंड दौऱ्यात पाचपैकी तीनच कसोटी खेळला. यात त्याचा दोष नाही. त्या वेगळ्या शैलीचा सगळा ताण पाठीवर येतो, शिवाय तीन प्रकारच्या क्रिकेटचं ओझं आहे. पण १९८३-८४मध्ये मार्शल भारतात सहाही कसोटी खेळला आणि सहाव्या कसोटीतही पहिल्या षटकापासून फलंदाजांच्या गळ्याशी येत होता. प्रथम श्रेणीत त्याने १,६५१ बळी घेतले. श्रेष्ठत्वात टिकून राहणंही धरावं लागतं.

४ नोव्हेंबर १९९९ रोजी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, मार्शल कर्करोगाने गेला. आज विशी-पंचविशीत असलेल्या वाचकांनी त्याला खेळताना बघितलेलं नाही, म्हणून वादात त्याचं नाव मागे पडतं आणि वॉर्न-मुरली पुढे येतात. त्या वाचकांना माझी विनंती आहे की १९८३-८४ची कोलकाता कसोटी आणि २०१०ची नागपूर कसोटी, या दोन सामन्यांचे धावफलक शेजारी ठेवून एकदा वाचा.

माझा निकाल: मार्शल पहिला, स्टेन दुसरा, मुरली तिसरा. बुमराहची जागा त्याने बूट उतरवल्यावर याच स्तंभात लिहीन, आणि ती पहिली असली तर मला आनंदच होईल.