स्टार वॉर्सची वाट कुणी लावली?

स्टार वॉर्सचा विषय निघाला की मित्रमंडळींत लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो रायन जॉन्सनने वाट लावली, दुसरा म्हणतो जे. जे. एब्रम्सने. मला दोन्ही पटत नाही. वाट लागली ती वरच्या मजल्यावर!

२०१२ साली डिस्नेने जॉर्ज लुकासकडून लुकासफिल्म ४०५ कोटी डॉलरला घेतली. सोबत पुढच्या तीन भागांच्या कथांचे त्याचे आराखडेही घेतले, आणि बाजूला ठेवून दिले. ठीक आहे, मालक तुम्ही. पण मग तुमचा स्वतःचा आराखडा कुठाय? सातवा भाग एब्रम्सचा (२०१५), आठवा जॉन्सनचा (२०१७). नववा कॉलिन ट्रेव्हॉरो करणार होता, तो २०१७ मध्येच बाहेर पडला आणि पुन्हा एब्रम्सला बोलावलं. परिणाम? आठव्या भागात रेचे आईबाप कुणीच नव्हते, नवव्यात ती थेट पाल्पटिनची नात निघाली!

आमच्या धंद्यात याला म्हणतात तीन रिलीज, तीन टीम लीड आणि डिझाइन डॉक्युमेंट शून्य. मग एकाने दुसऱ्याचा कोड कमेंट आऊट करत बसायचं. अशा वेळी प्रोग्रामरला झोडपून काय उपयोग?

'सोलो'चं बघा. अर्ध्याहून जास्त शूटिंग झाल्यावर जून २०१७ मध्ये लॉर्ड आणि मिलर या दिग्दर्शक जोडीला काढलं आणि रॉन हॉवर्डला आणलं. त्याने बराचसा सिनेमा पुन्हा शूट केला. तरी रिलीज मे २०१८ मध्येच, म्हणजे 'द लास्ट जेडाय'नंतर जेमतेम पाच महिन्यांनी. जगभरात धंदा सुमारे ३९ कोटी डॉलर. 'द फोर्स अवेकन्स'चा होता २०० कोटींच्या वर! तारखांचा निर्णय आपला होता आणि फार घाई झाली, हे डिस्नेचा तेव्हाचा प्रमुख बॉब आयगर यानेच त्या वर्षी कबूल केलं.

आता कुणी म्हणेल, लुकासकडे तरी १९७७ मध्ये सगळा प्लॅन कुठे होता? व्हेडर हा ल्यूकचा बाप, हे त्याला नंतरच सुचलं. एकदम मान्य. दिग्दर्शकही तीन वेगळेच होते: लुकास, कर्शनर, मार्क्वांड. पण गोष्ट कुठे जाणार हे ठरवणारं डोकं एकच होतं. स्टुडिओच्या प्रमुखाचं काम तेवढंच असतं हो.. ते डोकं नेमायचं आणि त्याच्या पाठीशी उभं राहायचं. याच कंपनीने टोनी गिलरॉयकडे 'अँडोर' सोपवली, तर दोन सीझनमध्ये (२०२२ आणि २०२५) गोष्ट जिथे पोचायला हवी तिथे नेमकी पोचली.

आणि आपण चाहते काय केलं? केली मेरी ट्रॅन या अभिनेत्रीला इतका त्रास दिला, की २०१८ मध्ये तिने इन्स्टाग्रामवरच्या सगळ्या पोस्ट पुसून टाकल्या. तिने ना कथा लिहिली, ना तारखा ठरवल्या. निर्णय घेणारे एसीत, आणि शिव्या खाणारी भलतीच!

२०१९ नंतर २०२५ संपेपर्यंत स्टार वॉर्सचा एकही नवा सिनेमा थिएटरात आला नाही. पुढच्या वेळी शिव्या द्यायच्याच असतील तर जरा मजला बघून द्या.

असो. चहा थंड झाला.