एका जर्सीचे चित्र

गेल्या वर्षी शाळेच्या चित्रप्रदर्शनात नववीतील एका विद्यार्थ्याने आपल्या वाड्यावरच्या फुटबॉल संघाची जर्सी रंगविली होती. दोरीवर वाळत घातलेली, खांद्यापाशी रफू केलेली. परीक्षक म्हणून आलेल्या सद्‍गृहस्थांनी ‘हे दुकानाच्या पाटीला शोभेल’ असा शेरा मारून ते चित्र बाजूस सारले. फुलदाणी, निसर्गदृश्य आणि देवादिकांच्या मूर्ती एवढेच काय ते चित्राचे विषय, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे. मला तो शेरा मान्य नाही. का नाही, हे सांगण्यासाठी मात्र वाचकांना बरेच दूर, कॅनडातील क्विबेक प्रांतात, यावे लागेल.

क्विबेकमधील बहुसंख्य लोकांची मातृभाषा फ्रेंच. परंतु तेथील मोठे कारखाने व पेढ्या विसाव्या शतकात दीर्घकाळ इंग्रजी बोलणाऱ्यांच्या हाती होत्या. अशा त्या प्रांतातील माँट्रियल शहरी 1909 साली ‘कॅनेडियन्स’ हा बर्फावरील हॉकीचा धंदेवाईक संघ स्थापन झाला आणि फ्रेंच जनतेने तो आपला मानला. त्याची जर्सी लाल. छातीवर पांढऱ्या काठांचा निळा पट्टा व मध्यभागी सी आणि एच ही अक्षरे. जुन्या काळी ती लोकरीची विणलेली असे, म्हणून लोक तिला स्वेटरच म्हणत. नऊ क्रमांकाची जर्सी घालणाऱ्या मोरीस रिशारने 1944-45 च्या हंगामात 50 सामन्यांत 50 गोल केले. पुढे 1955 च्या मार्च महिन्यात लीगच्या इंग्रजीभाषी अध्यक्षांनी त्याला उरलेल्या हंगामापुरते खेळण्यास मनाई केली, तेव्हा माँट्रियलच्या रस्त्यांवर दंगल उसळली. केवळ खेळाच्या प्रेमाने एवढे घडत नाही.

याच क्विबेकच्या सेर्ज लमवान या चित्रकाराने 1969 पासून सुमारे दहा वर्षे निळा, पांढरा आणि लाल या तीनच रंगांत चित्रे काढली. ते रंग कोणाचे, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक होते. त्याचे 1975 मधील ‘ड्रायडन’ हे चित्र तीन मीटरांहून अधिक रुंद असून माँट्रियलच्या ललित कला संग्रहालयात आहे. त्यात आहे केवळ संघाचा गोलरक्षक केन ड्रायडन याचा मुखवटा. आणि गंमत अशी, की हा ड्रायडन ऑन्टॅरिओ प्रांतात वाढलेला, इंग्रजी बोलणारा! फ्रेंच चित्रकाराने त्यालाही आपल्या रंगांत घेतले.

पण मला अधिक मोलाची वाटतात ती रॉक कारिये यांच्या 1979 मधील ‘हॉकी स्वेटर’ या कथेसाठी शेल्डन कोहेन यांनी काढलेली चित्रे. त्यांनी 1980 साली तिचा लहानसा चित्रपट केला व 1984 मध्ये ती सचित्र पुस्तकरूपाने आणली. कथेतील मुलाची जुनी जर्सी फाटते आणि त्याला तोकडीही होते. आईला दुकानाचा इंग्रजी छापील फॉर्म कळत नाही, म्हणून ती फ्रेंचमध्ये पत्र लिहून नवी जर्सी मागविते. येते ती टोरोंटोच्या प्रतिस्पर्धी संघाची, निळी! परत धाडली तर इंग्रज दुकानदाराला राग येईल, म्हणून तीच घालणे भाग पडते. मैदानावर सगळी मुले रिशारच्या लाल जर्सीत आणि त्यांत हा एकटा निळा. त्याला कोणी खेळावयास घेत नाही. शेवटी तो देवळात जाऊन प्रार्थना करतो, की कसर येवो आणि ही जर्सी खाऊन टाको.

लाल जर्सीचा एवढा गौरव दुसऱ्या कोणत्या चित्राने केला असेल? वास्तविक नायकाच्या अंगावर ती नाहीच. पण ती नसल्याचे दुःख पाहिले, की ती असणे म्हणजे काय हे कळते. शिवाय, एकसारखा पोशाख घालणारी मुले वेगळ्या पोशाखातल्या मुलाशी किती निष्ठुर वागतात, हेही चित्रकाराने झाकलेले नाही. 2002 साली निघालेल्या कॅनडाच्या पाच डॉलरच्या नोटेवर याच कथेतील ओळी दोन्ही भाषांत छापल्या होत्या.

परीक्षकांच्या बोलण्यात काहीच तथ्य नाही, असे मी म्हणणार नाही. जुन्या जर्स्यांचा आता मोठा बाजार झाला आहे. 1912-13 ची आडव्या पट्ट्यांची जर्सी याच संघाने शताब्दीनिमित्त 2009 साली पुन्हा मैदानात आणली. अशा वस्तूंवर दुकानदार टपलेलेच असतात. केवळ खपासाठी काढलेले चित्र जाहिरातच होय. पण विकावयाच्या जर्सीवर कोणी रफू दाखवील काय?

प्रदर्शन आटोपल्यावर मी त्या मुलाला विचारले, “जर्सी एवढी मोठी का काढलीस?” तो म्हणाला, “दादाची आहे, सर. तो बोटीवर गेला. मला अजून ढगळ होते.”