‘पोटासाठी बाटले’ : एका सोप्या उत्तराची उलटतपासणी

१/ महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाचा इतिहास निघाला की एक वाक्य हमखास पुढे येते : ‘पोटासाठी बाटले.’ दोन शब्दांत शंभर वर्षांचा इतिहास निकालात निघतो आणि पुढे काही वाचण्याची गरज उरत नाही. हा धागा त्या दोन शब्दांच्या उलटतपासणीसाठी.

२/ पहिली साक्ष नारायण वामन टिळकांची. कोकणातील चित्पावन घराणे, संस्कृतचा व्यासंग, कवी म्हणून वाढता लौकिक. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. दोन वर्षे मनात झुंज चालली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

३/ आता हिशेब मांडावा. जमेला काय आले? अहमदनगरला मिशनच्या आश्रयाखाली बेताचे जीवन. खर्ची काय पडले? जात गेली, आप्त दुरावले, पत्नी लक्ष्मीबाई आणि मुलगा दत्तू काही वर्षे अंतरले. पोटासाठी केलेला हा व्यवहार असेल, तर एवढा तोट्याचा व्यवहार मराठी मुलखात क्वचितच कोणी केला असेल.

४/ कथा येथे थांबत नाही. टिळक पुढे दीक्षित पाळक झाले, १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक झाले. मानमरातब स्थिरावला. तेव्हा, १९१७ मध्ये, त्यांनी अमेरिकन मिशनची चाकरी सोडली, साताऱ्यास बिऱ्हाड हलवले आणि संन्यस्त वृत्ती पत्करून ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा संकल्प केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात सामावणार होते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, असे ते सांगत. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा मागे राहिली ती कविता आणि अपूर्ण ‘ख्रिस्तायन’.

५/ मात्र टिळकांचे गुणगान करणाऱ्यांनीही ‘स्मृतिचित्रे’ डोळसपणे वाचावीत. पतीच्या हाती पैसा टिकत नसे. दारी आलेल्याला काही द्यायचे, तर घरात काय उरले हे पाहण्याची त्यांना सवय नव्हती. लक्ष्मीबाई हे सारे हसत सांगतात. पण रिकाम्या डब्यांशी गाठ त्यांचीच पडत होती. एकाच्या अपरिग्रहाची किंमत पुष्कळदा दुसरा मोजतो. समाधानाची स्तुती करताना ही नोंद वगळणे म्हणजे अर्धा इतिहास सांगणे.

६/ म्हणूनच लक्ष्मीबाईंची साक्ष अधिक मोलाची. पतीच्या मागे त्या डोळे झाकून गेल्या नाहीत. परतल्यावरही त्यांनी सोवळे पाळले. जातीचा अभिमान त्यांच्या मनातून हळूहळू, त्यांच्याच विचाराने गळाला आणि मग १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वैधव्यात ‘ख्रिस्तायन’ पुढे नेऊन पूर्णत्वाला पोहोचवणाऱ्याही त्याच. जिने दारिद्र्य स्वतः निवडले नव्हते, तिला त्या दारिद्र्यातही कडवटपणा शिवला नाही. श्रद्धेचे समाधान पारखायचे तर ते येथे पारखावे.

७/ येथपर्यंतचा युक्तिवाद पुष्कळांना पटतो आणि तेथेच खरा सापळा आहे. ‘टिळक प्रामाणिक, कारण त्यांनी गमावले; दुष्काळातले ते मात्र पोटार्थी.’ १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशनच्या आश्रयाला आलेल्यांना अन्न मिळाले, हे खरेच. अनेकांनी नंतर ख्रिस्ती धर्म स्वीकारला, हेही खरे. या वस्तुस्थितीवर पांघरूण घालण्याचे कारण नाही.

८/ प्रश्न कसोटीचा आहे. ‘काय गमावले?’ या परीक्षेत उतरण्यासाठी आधी गमावण्याजोगे काही असावे लागते. गावाच्या पाणवठ्यावर ज्याला पाणी भरता येत नव्हते, ज्याच्या मुलाला शाळेत इतरांबरोबर बसता येत नव्हते, त्याने कोणती वतनदारी ओवाळून टाकायची? त्याला भाकरीबरोबर अक्षर मिळाले, माणूस म्हणून हाक मिळाली. हे देणाऱ्या देवावर त्याचा विश्वास बसला, तर तो विश्वास खोटा कसा? भरल्या पोटी केलेली भक्ती तेवढी शुद्ध, हा नियम भरल्या पोटांनीच केलेला आहे.

९/ ख्रिस्ती धर्मग्रंथालाही हा नियम ठाऊक नाही. समाधानाविषयीचा त्यातील सर्वांत प्रसिद्ध उतारा पौलाच्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात आहे आणि ते पत्र लिहिले तेव्हा पौल बंदिवान होता. विपुलता असो वा टंचाई, तृप्त राहण्यास आपण शिकलो, असे तो म्हणतो. त्यासाठी त्याने योजलेला ग्रीक शब्द स्टोइक तत्त्वज्ञांच्या परिचयाचा होता. त्यांच्या लेखी त्याचा अर्थ कोणावाचून न अडणारा, स्वयंपूर्ण. पौलाने त्याचा आधार बदलला : त्याची तृप्ती स्वतःच्या नव्हे, ख्रिस्ताच्या बळावर उभी आहे.

१०/ त्याच उताऱ्यात आणखी एक गोष्ट आहे, जी सहसा सांगितली जात नाही. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती पाठवलेल्या मदतीबद्दल पौल तेथेच आभार मानतो. समाधान आणि स्वीकारलेली मदत एकाच पानावर, शेजारी शेजारी! मदत घेतली म्हणून त्याची श्रद्धा बाटत नाही आणि श्रद्धा आहे म्हणून त्याची भूक खोटी ठरत नाही.

११/ पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनाचे सूत्र हेच होते. परदेशातून देणग्या आल्या. त्यांतून केडगावात दुष्काळाने निराधार झालेल्या शेकडो मुलींना घर, शिक्षण आणि हाताला काम मिळाले. रमाबाईंनी भुकेल्या मुलींना ‘समाधानी राहा’ असा कोरडा उपदेश केला नाही. आधी ताट वाढले. स्वतः मात्र साधेपणाने राहून आयुष्याची अखेरची वर्षे बायबलच्या सुबोध मराठी भाषांतरात घालवली.

१२/ तेव्हा निष्कर्ष एवढाच : संपत्ती सोडणाऱ्याचे समाधान आणि भाकरी मिळालेल्याची कृतज्ञता ही एकाच श्रद्धेची दोन रूपे असू शकतात. कोणाच्या अंतःकरणात काय होते, हे इतिहासाला सिद्ध करता येत नाही. पण ‘पोटासाठी बाटले’ म्हणणारा तर तेच ठाऊक असल्याचा दावा करतो, आणि तोही फक्त गरिबांच्या बाबतीत. पुढच्या वेळी हे दोन शब्द कानी आले, तर एकच प्रतिप्रश्न करावा : त्याचे पोट रिकामे होते, ते कोणामुळे?