विक्रेत्याचे म्हणणे कोण ऐकणार?

तंजावरची मान डोलावणारी बाहुली माती व कागदाच्या लगद्याची, नाजूक. नवरात्रातील कोलूच्या मांडणीपूर्वी एखादी गृहिणी घरच्या चार बाहुल्या ऑनलाइन विकते. खरेदीदाराने ‘फुटकी आली’ म्हटले की तिचे पैसे अडकू शकतात. बाहुली वाटेत फुटली की खरेदीदाराच्या हातून, हे ठरवतो विक्रीमंच. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी नियमित व्यवसाय नसलेली वैयक्तिक विक्री वगळली. मंचाच्या परतावा-धोरणाने नाही. नियमांचे ओझे नाही, तसा आधारही नाही. खरेदीदाराला संरक्षण हवेच, फसवणूक काल्पनिक नव्हे. परंतु सरकारी वसुलीतही आधी नोटीस द्यावी लागते (निदान कागदोपत्री!). रक्कम कापण्यापूर्वी विक्रेत्याचे म्हणणे घेणे व निर्णयाची कारणे लेखी कळवणे केंद्राने मंचांवर बंधनकारक करावे, असे माझे मत आहे.